ठाण्यातील एक जुनी फियाट : घरच्या घरी ड्रम ब्रेक उघडून पुन्हा बांधल्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यातील एका जुन्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कागदोपत्री नाव पद्मिनी असले तरी घरात आणि सोसायटीत तिला फियाटच म्हणतात. गाडीचे मालक निवृत्त असून आयुष्यभर त्यांनी कारखान्यातील देखभाल विभागात काम केले आहे. या लिखाणात त्यांना काका म्हटले आहे. त्यांच्या मदतीला असलेला पुतण्या यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे आणि ऐरोलीतील एका कार्यालयात नोकरी करतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

गाडी रोजच्या वापरातील नाही. रविवारी घोडबंदर रस्त्याने एखादी फेरी, सणासुदीला नातेवाइकांकडे जाणे, एवढेच तिचे काम. जून ते सप्टेंबर ती जवळजवळ जागेवरच असते, आणि ब्रेकच्या दृष्टीने हेच तिचे मोठे दुखणे आहे. ठाण्याच्या पावसाळी हवेत उभ्या गाडीचे ड्रम गंजतात, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते आणि सिलिंडरातील रबरे एकाच जागी बसून राहतात. चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचे ब्रेक लवकर बिघडतात, हे गॅरेजवाल्याला सांगावे लागत नाही. मालकाला मात्र ते पटायला वेळ लागतो.

या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबून थांबवणारे) आहेत आणि चारही चाके एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारे मुख्य सिलिंडर), एकाच मार्गावर आहेत. अलीकडच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. येथे तशी सोय नाही. कोणत्याही एका चाकापाशी मोठी गळती झाली की पेडल थेट तळाला जाते. पुढील प्रत्येक निर्णयाचे वजन या एका गोष्टीमुळे वाढते.

आणखी एक संदर्भ सांगायला हवा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांचे सुटे भाग आणि त्या ओळखणारे हात मुंबई-ठाण्यात इतकी वर्षे टिकले, ते मुख्यतः काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तो आधारही संपला. भाग आजही मिळतात, पण शोधावे लागतात, आणि मिळालेला भाग किती वर्षे कपाटात पडून होता हे विचारावे लागते. रबराच्या बाबतीत हा प्रश्न पहिला विचारायचा असतो.

अडचण

पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीत काकांना तीन गोष्टी जाणवल्या. पेडल नेहमीपेक्षा खाली जात होते आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येत होते. ब्रेक मारताच गाडी डावीकडे ओढली जात होती. तिसरी खूण अधिक विचित्र होती : ब्रेक सोडल्यावर क्षणभर गाडी उजवीकडे झुकत होती आणि मग सरळ होत होती. घरी परतल्यावर मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओलसर काळा ओघळ दिसला.

ओळखीच्या मेकॅनिकने उभ्या उभ्या निदान केले. मागच्या डाव्या चाकाचे व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ढकलणारे छोटे सिलिंडर) गळत आहे, त्याचे किट (आतली रबरे) आणि मागचे लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) बदलले की काम झाले. ओघळापुरते हे निदान बरोबरच होते. पण मागचे डावे चाक तेलाने माखून कमी धरत असेल, तर त्याच्यामुळे गाडी डावीकडे ओढली जाण्याचे कारण नाही, आणि सोडताना उजवीकडे झुकण्याचा तर त्या चाकाशी काही संबंधच लागत नाही. पुतण्याने हा मुद्दा धरून ठेवला.

निदान : काहीही उघडण्यापूर्वी

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत चांगले काम पाने हातात घेण्याआधी झाले. चाकांना लाकडी ठोकळे लावून, पुढची बाजू जॅकने उचलून आणि घोड्यांवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) टेकवून पुतण्याने दोन्ही पुढची चाके हाताने फिरवून पाहिली. दोन्ही मोकळी फिरत होती. मग काकांनी पेडल दाबून सोडले. डावे चाक लगेच सुटले. उजवे घट्टच राहिले आणि काही सेकंदांनी हळूहळू मोकळे झाले.

चाक अडकून राहण्याची कारणे दोन गटांत पडतात. एक तर शू, स्प्रिंग किंवा सिलिंडरातील पिस्टन यांत्रिकदृष्ट्या अडकले असतील; नाहीतर तेलाचा दाब मागे परतत नसेल. हे वेगळे करण्याची चाचणी साधी आहे. पेडल पुन्हा दाबून सोडले आणि चाक घट्ट असतानाच त्याचे ब्लीडर निपल (तेल आणि हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल केले. तेलाची बारीक पिचकारी उडाली आणि चाक तत्काळ मोकळे झाले. म्हणजे दाब अडकत होता. निपल आवळून तोच प्रयोग पुन्हा केला, मात्र या वेळी निपलऐवजी चाकाकडे जाणाऱ्या रबरी होजच्या (नळीच्या) वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपाकडचा जोड सैल केला. चाक घट्टच राहिले. दाब होजच्या खाली कोंडलेला होता. मास्टर सिलिंडरची बाजू मोकळी होती.

जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगतो. त्यातून तेल जोराने ढकलले की उशिरा पोहोचते, आणि परतताना तर त्याला ढकलणारे शूच्या स्प्रिंगांखेरीज काही नसते, म्हणून अधिकच रेंगाळते. उजव्या चाकाला दाब उशिरा मिळतो म्हणून ब्रेक मारताना गाडी डावीकडे जाते. दाब उशिरा सुटतो म्हणून ब्रेक सोडताना ती उजवीकडे झुकते. तिन्ही खुणांचा उलगडा असा दोन वेगवेगळ्या बिघाडांत झाला. नुसते लायनर बदलले असते, तर गाडी नव्या लायनरवर त्याच दिशेने ओढली गेली असती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मेकॅनिकने सुचवलेला, फक्त मागच्या डाव्या चाकाचा, त्यात आता उजव्या होजची भर. हा सर्वांत स्वस्त होता. त्याविरुद्ध मुद्दा असा, की एकाच वयाची, एकाच तेलात बुडालेली बाकीची रबरे त्याच वाटेवर असणार, आणि एकाच मार्गाच्या व्यवस्थेत सर्वांत कमकुवत रबर चारही चाकांचे भवितव्य ठरवते.

दुसरा पर्याय पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचा. असे बदल करून देणारे लोक आहेत आणि थांबण्याच्या क्षमतेत फरक पडतो, हेही खरे. पण डिस्कला लागणारे तेलाचे प्रमाण आणि दाब वेगळे असल्याने मास्टर सिलिंडरही बदलावे लागते, पुढे-मागे ब्रेकचा समतोल नव्याने साधावा लागतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत. ज्या गाडीची नोंदणी ठराविक काळाने नूतनीकरणासाठी आरटीओपुढे न्यावी लागते, तिच्यात हा वाद ओढवून घेण्यात काकांना रस नव्हता.

तिसरा पर्याय सगळे काम गॅरेजला देण्याचा. मेकॅनिक प्रामाणिक होता. पण रबरे तो पेट्रोलने धूत असे, आणि त्यावर तडजोड करायला काका तयार नव्हते. ब्रेकचे रबर पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल यांपैकी कशालाही लागले की फुगते आणि मऊ पडते. सिलिंडर आणि किट धुवायचे ते ब्रेक ऑइलने.

चौथा पर्याय निवडला गेला : चारही चाके घरी उघडायची, सर्व रबरे, होज आणि लायनर नवे घालायचे, आणि ज्या कामाला यंत्र किंवा सरावाचा हात लागतो ते बाहेर द्यायचे. मास्टर सिलिंडर मात्र बाहेरून कोरडे होते आणि चाचणीत निर्दोष ठरले होते, म्हणून त्याला हात लावायचा नाही असे ठरले. या निर्णयाकडे पुढे परत यावे लागेल.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी रविवारची परवानगी दिली ती फरशीवर तेल सांडणार नाही या अटीवर. अट रास्त होती, कारण ब्रेक ऑइल रंगही खाते.

प्रत्यक्ष काम

घोड्या पक्क्या फरशीवर, चासीच्या मजबूत भागाखाली लावल्या. विटांवर गाडी टेकवण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. वीट दाबाखाली सावकाश वाकत नाही, एकदम फुटते, म्हणून ती गाडीखाली कधीच नको.

ड्रम काढताना धुळीचा प्रश्न आधी सोडवला. इतक्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही, त्यामुळे लायनर मागाहून बदललेला असला तरी खात्री देता येत नाही. गॅरेजमध्ये हवेचा फवारा मारून ड्रम साफ करतात, ते येथे कटाक्षाने टाळले. खाली वर्तमानपत्रे अंथरली, साबणाच्या पाण्याची फवारणी करून धूळ भिजवली, ओल्या फडक्याने पुसली आणि फडकी, कागद सगळे ओले असतानाच पिशवीत बांधले. तोंडाला रुमाल पुरत नाही; दोघांनी एन-९५ मास्क लावले होते आणि लहान मुलांना खाली यायला मनाई होती.

मागचा डावा ड्रम सहज निघेना. वर्षानुवर्षे शू एकाच जागी घासल्याने ड्रमच्या कडेला उंचवटा तयार होतो आणि शू त्याच्या मागे अडकतात. पुतण्या हातोडी घ्यायला निघाला तेव्हा काका म्हणाले, "अरे, आधी ॲडजस्टर मागे घे, मग ठोक." ॲडजस्टर (शू ड्रमच्या किती जवळ राहावेत हे ठरवणारा भाग) पूर्ण सैल केल्यावर लाकडी हातोडीने भोवताली ठोकताच ड्रम सुटला. आत दोन्ही लायनर तेल पिऊन काळे, चकचकीत झाले होते. सिलिंडरचे रबरी बूट (टोकावरचे टोपण) पेचकसाच्या टोकाने अलगद उचलताच मागून तेल ओघळले. बुटाआड नुसता ओलसरपणा असणे फारसे काळजीचे नाही. तेल साचलेले असणे म्हणजे आतले रबर गेले.

काम एका वेळी एका बाजूचे केले. एक चाक उघडे, दुसऱ्या बाजूचे बंद. स्प्रिंग कोणत्या भोकात, कोणता शू पुढे, कोणता मागे, हे विसरले की बंद चाकाकडे पाहता येते. मोबाइलवर फोटो काढले होतेच. पण फोटोत स्प्रिंगची मागची बाजू दिसत नाही.

सिलिंडरांबाबत पहिला खरा पेच आला. मागच्या डाव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख अडकेल असे गंजाचे खड्डे होते. असे सिलिंडर लेथवर मोठे करून त्यात पितळी स्लीव्ह बसवता येते, पण नवे सिलिंडर मिळत असताना तो खटाटोप नको म्हणून ते बदलले. उरलेल्यांच्या भिंतींवर डाग होते, खड्डे नव्हते. ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने ते साफ करून त्यांत नवे किट घातले. काकांना हे पुरेसे वाटले. मी असतो तर किमान मागचे उजवे सिलिंडर जोडीने बदलले असते. एका ॲक्सलवर एक नवे आणि एक घासून वापरलेले सिलिंडर चालते, पण पुढच्या तपासणीत कोणावर संशय घ्यायचा हे तेवढ्यामुळे ठरून जाते.

चारही ड्रम वागळे इस्टेटमधील एका लेथवाल्याकडे नेले. प्रत्येक ड्रमचा आतला व्यास वेगवेगळ्या दिशांनी मोजला. एक ड्रम स्पष्टपणे लंबगोल झाला होता. ड्रम टर्न करताना (लेथवर आतून कापून गोल करताना) दोन मर्यादा पाळायच्या असतात. उत्पादकाने दिलेल्या कमाल व्यासापलीकडे जायचे नाही, आणि एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करायचे. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो. शूवर नवे लायनर रिव्हेट करण्याचे कामही बाहेरच दिले, ॲस्बेस्टॉसमुक्त लायनर मागून.

परत आलेले शू थेट बसवले नाहीत. ड्रमच्या आत खडू फिरवला आणि शू हाताने त्यात घासून पाहिला. लायनरच्या दोन्ही टोकांना खडू लागत होता आणि मध्यभाग कोरा होता. नव्या लायनरची वक्रता ड्रमच्या वक्रतेशी जुळत नव्हती; लायनरची त्रिज्या ड्रमपेक्षा थोडी जास्त होती. असा शू टोकांवरच टेकतो, किंचाळतो आणि कधी अचानक पकडतो. टोके घासून (पुन्हा ओल्यानेच) खडूचा पट्टा मध्यापासून बाहेर पसरेपर्यंत हे चालले. हे कंटाळवाणे काम आहे, आणि गॅरेजमध्ये ते का होत नाही हे समजण्यासारखे आहे.

शू जेथे बॅक प्लेटवर (ड्रममागच्या स्थिर थाळीवर) घासतो त्या ठिकाणी उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा बोटभरही नव्हे, टिंबाएवढा थर दिला. पुढच्या दोन्ही चाकांकडचे आणि मागचे होज नवे, जोडांखाली तांब्याचे वॉशर नवे. होजला पीळ पडलेला नाही आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर तो टायरला लागत नाही, हे पाहून घेतले.

हवा काढताना उभा राहिलेला प्रश्न

ब्रेक ऑइल डॉट ४ या दर्जाचे निवडले. त्याचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३० आणि ओलावा शोषल्यानंतर किमान १५५ अंश सेल्सिअस असावा लागतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. दोन्ही एकाच जातीची असल्याने जुन्या डॉट ३ च्या जागी डॉट ४ घालता येते. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र त्यांत मिसळायचे नसते.

मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने सर्वांत दूरचे मागचे डावे चाक प्रथम, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे, या क्रमाने कामात नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढली. काका पेडलवर, पुतण्या निपलपाशी. "काका, दाबा. धरून ठेवा. सोडू नका. हं, आता सोडा." बुडबुडे थांबले, तेल स्वच्छ आले, पेडल वर आणि कडक झाले. इंजिन न सुरू करता एक मिनिट पेडलवर स्थिर पाय ठेवला, तेव्हा ते हळूहळू खाली सरकू लागले.

चारही चाके कोरडी होती, ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळीही तेवढीच. बाहेर गळती नसताना पेडल बसते तेव्हा तेल मास्टर सिलिंडरच्या आतच, रबराच्या एका बाजूकडून दुसरीकडे निसटत असते. कामाआधी जे मास्टर सिलिंडर ठीक होते ते त्याच दुपारी का गेले, याचे उत्तर हवा काढण्याच्या पद्धतीत आहे. रोजच्या वापरात पेडल अर्ध्या अंतरापर्यंतच जाते आणि आतले रबर सिलिंडरच्या तेवढ्याच भागावर घासते. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षे गंज आणि गाळ धरून असतो. हवा काढताना पेडल तळाला टेकवले की रबर त्या खरखरीत भागावरून पुन्हा पुन्हा जाते आणि त्याची कड फाटते.

काकांनी मास्टर सिलिंडरचे किट टाकून पाहण्याचा विचार केला. सुटे केल्यावर पुढच्या भागात खड्डे दिसले आणि तो विचार मागे पडला. नवे सिलिंडर मिळेपर्यंत गाडी घोड्यांवरच राहिली आणि सेक्रेटरींना आणखी एका रविवारची विनंती करावी लागली. नवे बसवताना पुशरॉड (पेडलचा जोर पोहोचवणारा दांडा) आणि पिस्टन यांत मिलिमीटरभर मोकळीक ठेवली. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि चारही चाके हळूहळू धरू लागतात. या वेळी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून हवा काढली.

रस्त्यावरची चाचणी आणि परिणाम

ॲडजस्टर चाक घासेपर्यंत आवळून, मग मोकळे फिरेपर्यंत मागे घेतले. रस्त्यावर जाण्यापूर्वी काकांनी त्याच मेकॅनिकला बोलावून प्रत्येक जोड, निपल आणि होज त्याच्या नजरेखालून घातला. त्याने एका निपलवर पाना लावून तो अर्धा फेरा आवळला. ज्याने काम केले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासणे, हा या प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी निर्णय होता.

आधी आवारात चालण्याच्या वेगाने, मग पहाटे कोलशेतच्या रुंद रस्त्यावर, मागे वाहन नसताना ताशी ४० वरून १० किलोमीटरपर्यंत सावकाश ब्रेक लावत आणि मधे ड्रम थंड होऊ देत लायनर बसू दिले. गाडी हात सोडला तरी सरळ थांबली. फेरी संपल्यावर हाताची पाठ चाकांजवळ नेऊन उष्णता पाहिली. मागचे उजवे जरा अधिक गरम होते, म्हणून त्याचा ॲडजस्टर किंचित सैल केला. सुरुवातीची बारीक किंचाळी काही आठवड्यांत गेली आणि लायनर बसल्यावर पेडल थोडे खाली आले, तेव्हा चारही ॲडजस्टर पुन्हा घ्यावे लागले.

गायमुखच्या उतारावर मात्र ड्रम ब्रेकचा स्वभाव बदललेला नाही. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो, पेडल खाली जाते आणि पकड कमी होते. तेथे काका पूर्वीप्रमाणेच खालच्या गिअरमध्ये उतरतात. पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जाऊन ड्रम कोरडे करणेही तसेच चालू आहे.

खर्च शेवटी गॅरेजच्या पूर्ण कामाच्या अंदाजाजवळच गेला. पैसे वाचवण्यासाठी असे काम घरी करू पाहणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

काय वेगळे करता आले असते

मास्टर सिलिंडर वगळण्याचा निर्णय चाचणीवर आधारलेला होता आणि त्या क्षणी चुकीचा म्हणता येणार नाही. चाचणीने त्याची तेव्हाची स्थिती सांगितली. पुढे त्याच्यावर येणारा ताण त्या चाचणीत नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या गाडीत सगळ्या चाकांची रबरे बदलून पूर्ण हवा काढायची असेल, तर मास्टर सिलिंडर उघडून पाहणे कामातच धरावे, आणि ते शक्य नसेल तर पेडलखालचा ठोकळा तरी पहिल्यापासून असावा.

खरेदीचा क्रमही उलटा हवा होता. आधी गाडी उघडली आणि मग भाग शोधले, त्यामुळे गाडी आठवड्यांपर्यंत अडून राहिली. किट, होज आणि दोन्ही सिलिंडरांची उपलब्धता आधी पक्की केली असती, तर मास्टर सिलिंडरचा निर्णयही कदाचित वेगळा झाला असता. तो वगळण्यामागे भाग मिळेल की नाही ही धास्ती थोडी होतीच.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. साफ करून वापरलेल्या सिलिंडरांचे बूट दर मे महिन्यात उचलून पाहायचे आणि तेल दर दोन वर्षांनी बदलायचे, असे ठरले आहे. पुतण्याचे म्हणणे आहे की येत्या पावसाळ्याआधी मागचे उजवे सिलिंडर बदलून टाकावे. काकांचे उत्तर असे, की कोरड्या बुटामागचे सिलिंडर ते उघडणार नाहीत.